संसाराच्या आधारे की पुंजीच्या? थायलंडमधील परदेशी रहिवाशांचा वार्षिक पेच

थायलंडमध्ये दीर्घकाळ वास्तव्य करणाऱ्या परदेशी नागरिकाला वर्षातून एकदा आपल्या प्रांताच्या इमिग्रेशन कार्यालयात जाऊन एका प्रश्नाचे उत्तर कागदोपत्री द्यावे लागते. आपण या देशात कशाच्या आधारे राहता, हा तो प्रश्न. पन्नाशी ओलांडलेल्या आणि थाई स्त्रीशी विवाह केलेल्या परदेशी पुरुषाजवळ या प्रश्नाची बहुधा दोन उत्तरे असतात. 'माझी पत्नी थाई आहे' हे एक आणि 'मी निवृत्त असून माझ्या निर्वाहाची रक्कम येथील बँकेत आहे' हे दुसरे. पहिल्या उत्तरावर विवाहाधारित मुदतवाढ मिळते, दुसऱ्यावर निवृत्तीआधारित. दोन्हींचे शुल्क सारखेच, १,९०० बात. दोन्हींची मुदतही सारखीच, एक वर्ष. एका वर्षी एक आधार आणि पुढील वर्षी दुसरा, अशी अदलाबदल करण्यासही मज्जाव नाही.

वरवर पाहता ही निव्वळ कारकुनी बाब आहे. मात्र या दोन उत्तरांपैकी कोणते द्यायचे यावर घरातील पैसा, पत्नीशी असलेले नाते, काम करण्याची मुभा आणि उतारवयातील सुरक्षितता या चारही गोष्टी अवलंबून राहतात. ज्याने आयुष्याची वीस वर्षे त्या देशात काढली, तेथे घर बांधले, मुले वाढवली, त्याचेही वास्तव्य कायद्याच्या दृष्टीने दरवर्षी नव्याने सुरू होते. या व्यवस्थेतील खरी गुंतागुंत येथून सुरू होते.

पाहुणा वीस वर्षांचा, परवाना वर्षाचा

थायलंडचा इमिग्रेशन कायदा १९७९ सालचा आहे. त्याची अंमलबजावणी रॉयल थाई पोलिसांच्या अखत्यारीतील इमिग्रेशन विभाग करतो. निवृत्त किंवा विवाहित परदेशी नागरिक बहुतांशी 'नॉन-इमिग्रंट ओ' या व्हिसावर ९० दिवसांसाठी प्रवेश करतो आणि नंतर त्या वास्तव्याला वर्षावर्षाची मुदतवाढ घेत राहतो. व्हिसाच्या नावातच तो 'स्थलांतरित नाही' असे म्हटले आहे आणि हे नाव विसाव्या वर्षीही बदलत नाही.

मुदतवाढ मिळाली म्हणजे वर्षभराची निश्चिंती झाली असेही नाही. दर ९० दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशन विभागाला कळवावा लागतो. परदेशी व्यक्ती मुक्कामास आली की २४ तासांत तशी सूचना देण्याची जबाबदारी घरमालकावर असते. पत्नीच्या नावावरील घरात राहणाऱ्या पतीबाबत ही जबाबदारी पत्नीवर येते. देशाबाहेर जाण्यापूर्वी पुनःप्रवेशाचा परवाना घेतला नाही, तर हाती असलेली मुदतवाढ सीमा ओलांडताच रद्द होते. मुदत उलटल्यावर राहिल्यास दिवसाला ५०० बात, जास्तीत जास्त २०,००० बात दंड आहे. मार्च २०१६ पासून तर ९० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहिलेल्यांवर, ते स्वतःहून हजर झाले तरी, किमान एक वर्षाची प्रवेशबंदी लागू होते.

कायम वास्तव्याचा परवाना कायद्यात आहे. परंतु त्यासाठी प्रत्येक देशाच्या नागरिकांना वर्षाला १०० इतकीच मर्यादा आहे आणि उत्पन्नाच्या व अन्य अटी पाहता निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याच्या आवाक्यात तो सहसा येत नाही. त्यामुळे बहुसंख्यांसमोर वार्षिक मुदतवाढ हाच मार्ग उरतो. आपल्याकडे जावयाला गमतीने दशमग्रह म्हटले जाते आणि त्याचा मानही तसाच राखला जातो. थाई कायद्यात मात्र जावयाला असे काही स्थान नाही. त्याला दरवर्षी नव्याने अर्ज करावा लागतो.

दोन दारे, दोन हिशेब

रॉयल थाई पोलिसांच्या २०१४ मधील आदेशाने मुदतवाढीचे निकष निश्चित केले. बौद्ध संवताप्रमाणे ते वर्ष २५५७, म्हणून हा आदेश ३२७/२५५७ या क्रमांकाने ओळखला जातो. त्यात विवाह आणि निवृत्ती यांसाठी स्वतंत्र कलमे आहेत.

विवाहाच्या आधारासाठी परदेशी पतीने थाई बँकेतील आपल्या नावावरील खात्यात ४ लाख बात अर्जापूर्वी किमान दोन महिने ठेवलेले असावेत किंवा त्याचे मासिक उत्पन्न ४०,००० बात असावे. वयाची अट नाही. निवृत्तीच्या आधारासाठी वयाची ५० वर्षे पूर्ण हवीत आणि रक्कम नेमकी दुप्पट, म्हणजे ८ लाख बात हवी; अथवा दरमहा ६५,००० बात उत्पन्न हवे; अथवा शिल्लक आणि वार्षिक उत्पन्न मिळून ८ लाखांचा आकडा गाठायला हवा. असा एकत्रित हिशेब विवाहाच्या आधारासाठी चालत नाही.

आठ लाख बात म्हणजे आपल्या चलनात ढोबळमानाने वीस लाखांहून अधिक रुपये. रकमेतील हा फरक पाहता ज्याची पत्नी थाई आहे त्याने दुसऱ्या दाराकडे वळूनही पाहू नये, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तसे घडत नाही. थाई पत्नी असूनही दुप्पट रक्कम अडकवून निवृत्तीचा आधार पसंत करणारे पुष्कळ आहेत. याचे कारण कागदपत्रांच्या स्वरूपात आहे.

निवृत्तीच्या अर्जासोबत पासपोर्ट, बँकेचा दाखला, अद्ययावत पासबुक आणि पत्त्याचा पुरावा एवढे पुरते. बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी शिक्का मिळतो. विवाहाच्या अर्जासाठी याखेरीज विवाहनोंदणीचा ताजा उतारा, पत्नीचे ओळखपत्र, घराच्या नोंदणीचे पुस्तक, घराकडे जाण्याचा नकाशा आणि पतिपत्नींची घरातील छायाचित्रे लागतात. पत्नीला सोबत न्यावे लागते. अनेक कार्यालये साक्षीदारही मागतात. अर्ज दाखल झाल्यावर 'विचाराधीन' असा साधारण महिनाभराचा शिक्का मिळतो. त्या काळात अधिकारी घरी येऊन पाहणी करू शकतात, शेजाऱ्यांना विचारू शकतात. वैवाहिक संबंध कायद्याने आणि प्रत्यक्षात, असे दोन्ही प्रकारे अस्तित्वात असला पाहिजे, अशी आदेशाचीच अट आहे. तिचा हेतू समजण्यासारखा आहे. पैसे देऊन नावापुरते लग्न लावणाऱ्यांना आळा घालण्याचा अधिकार कोणत्याही देशाला असतो. परंतु पंधरा वर्षे एका छताखाली राहिलेल्या जोडप्यालाही तीच परीक्षा दरवर्षी द्यावी लागते. आधीच्या वर्षांची गोळाबेरीज होत नाही.

या कलमात आणखी एक विसंगती आहे. पैशाची अट थाई स्त्रीशी विवाह करणाऱ्या परदेशी पतीसाठी घातलेली आहे. थाई पुरुषाशी विवाह करणाऱ्या परदेशी पत्नीवर ती नाही. पुरुषाने घर चालवावे आणि स्त्रीने त्याच्या आश्रयाने राहावे, हे गृहीतक नियमाच्या मुळाशी आहे. जानेवारी २०२५ पासून थायलंडमध्ये समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता मिळाली आणि त्यासाठी नागरी संहितेतील पती-पत्नी हे शब्द लिंगनिरपेक्ष करण्यात आले. या बदलाच्या उजेडात 'परदेशी पती' आणि 'थाई स्त्री' या शब्दांवर उभा असलेला निकष अधिकच जुना भासतो.

२०१९ ने पारडे हलवले

एका आधारावरून दुसऱ्यावर जाण्याचा विचार मनात येण्यास तीन घटना विशेष कारणीभूत ठरल्या आणि त्या तिन्ही २०१९ या एकाच वर्षात घडल्या.

तोवर उत्पन्नाचा पुरावा म्हणून आपापल्या देशाच्या वकिलातीचे पत्र चालत असे. थाई अधिकाऱ्यांनी पत्रातील उत्पन्नाची पडताळणी वकिलातींनी करावी अशी अपेक्षा धरली. ती जबाबदारी स्वीकारणे शक्य नसल्याने ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्या वकिलातींनी २०१९ च्या प्रारंभापासून अशी पत्रे देणे बंद केले. या देशांच्या नागरिकांना त्यानंतर दरमहा परदेशातून थाई खात्यात पैसे आल्याची बारा महिन्यांची नोंद दाखवणे किंवा ठोक रक्कम बँकेत ठेवणे, एवढेच पर्याय उरले. ज्यांचे निवृत्तिवेतन ६५,००० च्या आत होते, परंतु ४०,००० च्या वर होते आणि ज्यांची पत्नी थाई होती, त्यांच्या दृष्टीने विवाहाचा आधार अचानक महत्त्वाचा ठरला.

दुसरी घटना मार्च २०१९ मधील. निवृत्तीच्या आधारासाठी ठेवलेली रक्कम अर्जापूर्वी दोन ते तीन महिने असावी, एवढीच पूर्वी सर्वसाधारण अट होती. नव्या आदेशाने मुदतवाढ मिळाल्यानंतरही तीन महिने पूर्ण ८ लाख बात खात्यात ठेवणे आणि उरलेल्या काळात शिल्लक ४ लाखांखाली जाऊ न देणे बंधनकारक केले. वर्षाचा हिशेब मांडला तर पाच महिने संपूर्ण रक्कम आणि सात महिने निम्मी रक्कम अडकून पडते. निवृत्तीच्या मार्गाने राहणाऱ्याचे ४ लाख बात तो त्या मार्गावर असेपर्यंत त्याला वापरताच येत नाहीत. विवाहाच्या आधारावरील रकमेला मुदतवाढीनंतर असे बंधन या आदेशाने घातले नाही.

तिसरी घटना ऑक्टोबर २०१९ ची. परदेशातील थाई वकिलातीतून मिळणाऱ्या 'ओ-ए' या दीर्घ मुदतीच्या निवृत्ती व्हिसासाठी आरोग्यविमा सक्तीचा झाला. प्रारंभी रुग्णालयात दाखल होण्यासाठी ४ लाख आणि बाह्यरुग्ण उपचारांसाठी ४० हजार बातचे संरक्षण मागितले गेले. पुढे ही मर्यादा ३० लाख बातपर्यंत वाढवण्यात आली. सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला असा विमा मिळणेच दुरापास्त. साध्या 'ओ' व्हिसावरील मुदतवाढीला मात्र ही सक्ती नाही. आपण कोणत्या वर्गाच्या व्हिसावर आत आलो, या तोवर किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नाला त्यामुळे मोठे महत्त्व आले.

या नियमांच्या जोडीला चलनाचा फटका बसला. ब्रिटनने २०१६ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिल्यावर पौंड घसरला, तर बात वधारत गेला. एका पौंडाला ५० बात मिळत तेव्हा ६५,००० बातसाठी १,३०० पौंड पुरत. २०१९ मध्ये पौंड ३८ बातपर्यंत आणि काही काळ त्याहूनही खाली उतरला, तेव्हा त्याच ६५,००० बातसाठी १,७०० हून अधिक पौंड लागू लागले. त्यातच थायलंडमध्ये राहणाऱ्या ब्रिटिश निवृत्तांचे सरकारी निवृत्तिवेतन पहिल्या दिवशी असेल तेवढ्यावर गोठवले जाते. मायदेशी मिळणारी वार्षिक वाढ त्यांना मिळत नाही. उत्पन्न स्थिर आणि उंबरठा मात्र परक्या चलनात, अशा कोंडीत सापडलेल्या विवाहित निवृत्ताने ४ लाखांच्या दाराकडे वळणे स्वाभाविक होते.

उलट दिशेचा प्रवास

याच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे विवाहाकडून निवृत्तीकडे जाणाऱ्यांची कारणे निराळी असतात. काहींची पन्नाशी नुकतीच पूर्ण झालेली असते आणि दरवर्षीच्या छायाचित्रांचा व साक्षीदारांचा त्यांना वीट आलेला असतो. काहींच्या पत्नीला नोकरीमुळे कार्यालयात येण्यास रजा मिळत नाही. काहींचा संसार मोडण्याच्या बेतात असतो आणि ज्या व्यक्तीशी बोलणे थांबले आहे तिचीच सही वास्तव्यासाठी मागण्याची वेळ येते. अशा घरांत परवान्याचा कागद हे भांडणातील हत्यार बनू शकते. कमी रकमेच्या बदल्यात आपले वास्तव्य दुसऱ्याच्या मर्जीशी बांधले जाते, हे विवाहाच्या आधारातील मर्म आहे.

या बदलाची प्रक्रिया अवघड नाही, परंतु तिचे वेळापत्रक काटेकोर आहे. नवीन व्हिसा घेण्याची किंवा देश सोडण्याची गरज नसते. चालू मुदत संपण्यापूर्वीच्या अखेरच्या ३० दिवसांत, काही कार्यालयांत ४५ दिवसांत, नव्या आधारावर अर्ज करायचा असतो. खरी मेख दोन महिन्यांच्या अटीत आहे. निवृत्तीच्या आधारावर जायचे असेल तर अर्जाच्या दिवशी ८ लाख बात खात्यात येऊन दोन महिने झालेले असले पाहिजेत. मुदत संपण्यास महिना उरला असताना घेतलेला निर्णय त्यामुळे निरुपयोगी ठरतो. निर्णय निदान तीन-चार महिने आधी व्हायला हवा आणि पैसे अर्जदाराच्या एकट्याच्या नावावरील खात्यात हवेत. पत्नीसोबतच्या संयुक्त खात्यातील शिल्लक येथे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

कामाच्या परवानगीचाही विचार आवश्यक ठरतो. विवाहाच्या आधारावर राहणाऱ्याला रीतसर परवाना काढून नोकरी किंवा व्यवसाय करता येतो. निवृत्तीच्या आधारावर काम करण्यास मनाई आहे. शाळेत इंग्रजी शिकवणारा शिक्षक निवृत्तीकडे वळला तर त्याला ते काम सोडावे लागेल. पत्नीच्या दुकानात गल्ल्यावर बसणेही अडचणीचे ठरू शकते. निवृत्तांपैकी कुणाला पैशाच्या चणचणीमुळे पुन्हा काम धरायचे असेल, तर त्याला उलट मार्गाने विवाहाच्या आधाराकडे यावे लागते.

अलीकडे कराची बाजूही यात मिसळली आहे. वर्षात १८० दिवस किंवा अधिक काळ राहणाऱ्यांनी परदेशात मिळवलेले उत्पन्न थायलंडमध्ये आणल्यास ते कोणत्याही वर्षी आणले तरी करपात्र, अशी भूमिका थाई महसूल विभागाने १ जानेवारी २०२४ पासून घेतली. त्या तारखेपूर्वीचे उत्पन्न यातून वगळले आहे. साहजिकच ४ लाखांवरून ८ लाखांवर जाण्यासाठी जी जादा रक्कम परदेशातून आणायची, ती जुन्या बचतीतली की नव्या मिळकतीतली, याचा पुरावा जपून ठेवणे इष्ट ठरते.

घटस्फोट आणि मृत्यू

या साऱ्या हिशेबांत प्रामुख्याने दुर्लक्षिला जाणारा प्रसंग पत्नीच्या मृत्यूचा. निवृत्त परदेशी पुरुष आणि त्याच्याहून वयाने लहान थाई पत्नी हे चित्र नित्याचे असल्याने आधी आपलाच क्रमांक, असे पती गृहीत धरतो. आजार आणि अपघात वयाचा क्रम पाळत नाहीत. पत्नी गेली किंवा घटस्फोट झाला की विवाहाच्या आधारावर पुढची मुदतवाढ मिळण्याचा प्रश्नच उरत नाही. वीस वर्षांखालील थाई अपत्य असेल तर त्याचा पालक म्हणून अर्ज करण्याची तरतूद आहे. ते नसेल आणि वय पन्नाशीपुढे असेल, तर निवृत्तीचे दार तेवढे उघडे असते. पण त्या दाराशी ८ लाख बात आणि दोन महिने हवेत. शोकाच्या दिवसांत ही रक्कम परदेशातून उभी करणे प्रत्येकाला शक्य होत नाही.

याच वेळी घराचा प्रश्नही उभा राहतो. परदेशी नागरिकाला थायलंडमध्ये सहसा जमीन घेता येत नाही, म्हणून घराची जमीन पत्नीच्या नावावर असते. पत्नीच्या पश्चात पती वारस ठरला तरी सहसा ती जमीन त्याला आपल्या नावावर ठेवता येत नाही; सुमारे वर्षभराच्या मुदतीत ती विकावी लागते. म्हणजे पत्नीच्या निधनासोबत वास्तव्याचा आधार आणि राहते घर या दोन्हींवर गदा येते.

पती आधी गेला तर प्रश्न पत्नीपुढे उभा राहतो. वास्तव्यासाठी जपून ठेवलेले ४ किंवा ८ लाख बात पतीच्या एकट्याच्या नावावर असतात. न्यायालयाने मालमत्तेचा व्यवस्थापक नेमेपर्यंत बँक ती रक्कम मोकळी करत नाही. थाई कायद्यानुसार केलेले मृत्युपत्र असेल तर हा मार्ग सुकर होतो. मुदतवाढीच्या अर्जाची फाइल दरवर्षी नीट लावणारे अनेकजण हा एक कागद मात्र करायचा राहून जातात.

आपल्या अंगणात

थायलंडच्या या व्यवस्थेकडे पाहून नाक मुरडण्यापूर्वी आपल्याकडील स्थिती तपासणे उचित ठरेल. भारतात निवृत्तांसाठी वेगळा व्हिसाच नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर उतारवय घालवू इच्छिणाऱ्या परदेशी व्यक्तीला केवळ वय आणि पैसा यांच्या बळावर दीर्घ वास्तव्याचा हक्क मागता येत नाही. भारतीय व्यक्तीशी विवाह केलेल्या परदेशी जोडीदाराची बाजू मात्र आपल्याकडे थायलंडपेक्षा भक्कम आहे. विवाहाची नोंदणी होऊन तो सलग दोन वर्षे टिकलेला असेल तर नागरिकत्व कायद्याखाली 'ओसीआय' कार्डासाठी अर्ज करता येतो आणि ते मिळाल्यावर दरवर्षी मुदतवाढीची फेरी मारावी लागत नाही. असे असले तरी विवाह संपुष्टात आल्यास हे कार्ड रद्द करण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे आणि अशा जोडीदाराला वळण्यासाठी निवृत्तीचे दुसरे दार आपण ठेवलेले नाही. थायलंड वर्षावर्षाचाच परवाना देतो, पण एक आधार निसटला तर दुसरा धरण्याची सोय ठेवतो. दोन्ही देशांच्या नियमांत काही घेण्यासारखे आहे.

मुंबई-पुण्यातील वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये, याचे आणखी एक कारण आहे. चार-साडेचार तासांच्या विमानप्रवासावरील या देशात निवृत्तीनंतर राहण्याचा विचार आता आपल्याकडील मध्यमवर्गातही होऊ लागला आहे. पतिपत्नी दोघेही भारतीय असल्यास विवाहाचे दार त्यांच्यासाठी बंदच असते; निवृत्तीचा आधार हाच मार्ग. त्यासाठी पैसा पाठवण्यास रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार प्रतिव्यक्ती आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, म्हणजे रक्कम पाठवण्यात कायद्याची अडचण नाही. एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेल्या तरतुदीप्रमाणे अशा कारणांसाठी वर्षाला १० लाख रुपयांवर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ कापून घेते. तो विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो.

अशा दाम्पत्यात बहुधा पती मुख्य अर्जदार होतो आणि पत्नी त्याच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती म्हणून मुदतवाढ घेते. रक्कम एकाचीच दाखवावी लागत असल्याने ही सोय स्वस्त पडते. परंतु पती निवर्तल्यास पत्नीचा आधार त्याच्यासोबत संपतो. तिला स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खात्यात ८ लाख बात दाखवून नव्याने सुरुवात करावी लागते. परक्या देशात, परकी भाषा बोलणाऱ्या कार्यालयात, पासष्टीच्या बाईने हे एकटीने करायचे असते. परदेशी जावयांची अडचण ही अशा रीतीने आपल्या घरातील आजी-आजोबांचीही अडचण होऊ शकते.

निष्कर्ष

कोणता आधार निवडावा याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही. पन्नाशीच्या आतील, काम करू इच्छिणाऱ्या किंवा मर्यादित उत्पन्नाच्या विवाहित माणसाला विवाहाचा आधारच योग्य. ज्याच्यापाशी पुंजी आहे, ज्याला काम करायचे नाही आणि ज्याला आपले वास्तव्य पत्नीच्या सहीपासून वेगळे ठेवायचे आहे, त्याने निवृत्तीचा मार्ग धरावा. मात्र विवाहाच्या आधारावर राहणाऱ्यानेही, ऐपत असल्यास, दुसऱ्या दाराची किंमत आधीच जमवून ठेवणे शहाणपणाचे. ही तरतूद म्हणजे संसारावरील अविश्वास नव्हे. कायद्याने त्या संसाराला वर्षापलीकडे ओळख दिलेली नाही, एवढाच तिचा अर्थ.

वैयक्तिक शहाणपणाच्या पलीकडे एक धोरणात्मक प्रश्न उरतो. सप्टेंबर २०२२ मध्ये थायलंडने दहा वर्षांचा दीर्घ वास्तव्य व्हिसा सुरू केला; त्यातील श्रीमंत निवृत्तांच्या वर्गासाठी सर्वसाधारणपणे वर्षाला ८०,००० डॉलर उत्पन्न अपेक्षित आहे. म्हणजे दीर्घ मुदतीचा परवाना देणे प्रशासनाला अशक्य नाही. तो आज संपत्तीच्या प्रमाणात दिला जातो, सहवासाच्या प्रमाणात नाही. पाच-सात वर्षे विनातक्रार विवाहाच्या आधारावर राहिलेल्या जोडीदाराला तीन किंवा पाच वर्षांची सलग मुदत देणे आणि पत्नीच्या निधनानंतर नवा आधार उभा करण्यासाठी सहा महिन्यांचा निश्चित अवधी देणे, एवढ्या दोन सुधारणांनीही या घरांवरील टांगती तलवार बरीचशी दूर होईल. त्यासाठी सरकारी तिजोरीतून एक बातही खर्च करावा लागणार नाही. तोवर या घरांत दरवर्षी मुदत संपण्याच्या दोन महिने आधी पासबुक बाहेर निघेल आणि बँकेतील आकड्यासोबत संसाराचाही हिशेब पुन्हा मांडला जाईल.